परवाना बंदुकीचा, गोळीचा नव्हे

५ मार्च १९५०. मध्य प्रदेशातल्या कटनी गावात दंगल उसळली. फाळणीनंतर तिथे येऊन राहिलेले काही सिंधी निर्वासित आणि गावातले मुसलमान यांच्यात ठिणगी पडली आणि बघता बघता बाजारपेठेत लुटालूट सुरू झाली. अमजद खान आणि त्यांचा भाऊ यांची दुकानं एकाच इमारतीत होती. जमावाने आधी भावाचं दुकान लुटलं आणि मग मोर्चा अमजद खान यांच्या दाराकडे वळवला. दारावर लाठ्या पडू लागल्या. तेवढ्यात अमजद खान यांच्या बंदुकीतून दोन गोळ्या सुटल्या. एक जण ठार झाला, तिघे जखमी झाले.

दार अजून मोडलेलं नव्हतं. अमजद खान यांच्या अंगाला कुणी बोटही लावलं नव्हतं. मग गोळी झाडायची गरज काय होती? खालच्या न्यायालयांनी त्यांना दोषी धरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५२ मध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. सर्वोच्च न्यायालयात येण्यापूर्वी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : शेजारचं दुकान लुटून झालेला जमाव दारावर लाठ्या घालत असताना, तो आत शिरून नेमकं काय करतो हे पाहण्यासाठी माणसाने थांबावं, अशी अपेक्षा कायदा करत नाही. अशा वेळी किती बळ वापरलं याचा हिशेब सोनाराच्या ताजव्यात करायचा नसतो.

हा निकाल वकिलांना पाठ असतो. परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांच्या कानावरही तो कधीतरी पडतो आणि तिथेच गैरसमजाला सुरुवात होते. ‘घरात कुणी शिरलं तर गोळी घालायला कायद्याची परवानगी आहे’, एवढंच लोक लक्षात ठेवतात. कायदा तसं म्हणत नाही. तो काय म्हणतो आणि त्यावरून घरात कोणतं शस्त्र ठेवावं, किंवा ठेवावं की नाही, हे या प्रकरणात पाहू.

हक्क दिला, हत्यार काढून घेतलं

स्वसंरक्षणाच्या हक्काचं आपलं कलम मुळात मेकॉलेच्या काळातलं. त्याच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा तयार केला आणि सोबत टिपणंही जोडली. इथली माणसं दरोडेखोरांपुढे फारच मुकाट्याने मान तुकवतात, त्यामुळे प्रतिकाराचा हक्क आखडता ठेवण्यापेक्षा मोकळ्या हाताने द्यावा, असा त्यांचा सूर होता. संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १८६२ पासून लागू झाली. १८५७ चा उठाव मधल्या काळातला. तरीही हक्क कायम राहिला.

हत्यार मात्र राहिलं नाही. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हा गुन्हा ठरला. युरोपियनांना त्यातून सूट होती. पुढे १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. राज्यघटनेत मात्र तो आला नाही. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला. त्यात वर्णभेद गेला, परवाना राहिला.

आजची स्थितीही हीच आहे. बचाव करणं हा हक्क आहे आणि त्यासाठी परवाना लागत नाही. बंदूक बाळगणं हा हक्क नाही, त्यासाठी परवाना लागतो. दोन कायदे, दोन वेगळी खाती. एकाचा कागद दुसरीकडे चालत नाही.

जीव घेण्याइतकं बळ कधी?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुनी ९६ ते १०६ ही कलमं आता ३४ ते ४४ झाली आहेत. आशय जवळपास तोच आहे.

शरीराच्या बचावासाठी हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा होत नाही, अशा सात परिस्थिती कलम ३८ सांगतं. आपला जीव जाईल अशी रास्त भीती वाटावी असा हल्ला, जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी असा हल्ला, बलात्काराच्या हेतूने हल्ला, अनैसर्गिक वासनेपोटी हल्ला, अपहरणासाठी हल्ला, सुटकेसाठी पोलिसांची मदत मागता येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्यासाठी हल्ला आणि ॲसिडहल्ला. ॲसिडचा उल्लेख २०१३ च्या दुरुस्तीने आला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर जे बदल झाले, त्यातलाच हा एक.

मालमत्तेसाठी यादी आणखी आखूड आहे. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या इमारतीला आग लावणं किंवा स्फोटकाने उडवणं, आणि जिवावर बेतेल अशी रास्त भीती वाटावी अशा परिस्थितीतली चोरी, नासधूस किंवा घरातली घुसखोरी. बस्स. आंबे चोरणारा पोरगा, विहिरीवरची मोटर उचलून पळणारा चोर, बांध कोरणारा भाऊबंद यांपैकी कुणीच या यादीत बसत नाही. त्यांना अडवता येतं, पकडता येतं, गरजेपुरतं बळ वापरता येतं. गोळी घालता येत नाही.

यादीत बसल्यावरही कलम ३७ ची चाळणी असतेच. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल, तर हक्क नाही. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क कधीच नाही. आणि हक्काला सुरुवात-शेवट असतो. जिवाची रास्त भीती निर्माण झाली की तो सुरू होतो, ती भीती आहे तोवर टिकतो, संपली की संपतो. सुरा घेऊन आलेला माणूस सुरा टाकून पळत सुटला की तो पळणारा माणूस असतो. त्याच्या पाठीत शिरलेली गोळी बचावाची ठरवणं फार अवघड.

राग आणि बचाव यांची गल्लतही इथेच होते. मराठी वाचकाला नानावटी खटला माहीत असतो. एप्रिल १९५९ मध्ये नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीने दिलेली प्रेमसंबंधाची कबुली ऐकली, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्वर आणि सहा काडतुसं घेतली, मग तिचे प्रियकर प्रेम आहुजा यांचं घर गाठलं आणि तिथे नानावटींच्या गोळ्यांनी आहुजा ठार झाले. मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष म्हटलं. उच्च न्यायालयाने ते मानलं नाही आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. तिथला वाद प्रक्षोभ की अपघात, असा होता. पण न्यायालयाने त्यात मोजलेली गोष्ट आपल्या विषयातही मोजली जाते : शस्त्र हातात येणं आणि गोळी सुटणं यांच्या दरम्यान किती वेळ गेला, आणि त्या वेळात माणसाने काय केलं.

दोन गोळीबार, दोन निकाल

‘रास्त भीती’ हे शब्द पुस्तकात गुळगुळीत वाटतात. प्रत्यक्षात ते कसे लागू होतात, हे दोन खटल्यांतून कळतं.

पहिला गुजरातचा, योगेंद्र मोरारजी यांचा. मजुरीच्या पैशांवरून वाद होता. काही लोकांनी त्यांच्या गाडीची वाट अडवली. त्यांनी रिव्हॉल्वर काढून तीन गोळ्या झाडल्या आणि एक माणूस मेला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, बचावाची वेळ आली असेलही, पण तुम्ही मर्यादा ओलांडलीत. इशाऱ्याची गोळी नाही, दुसरा मार्ग चाचपणं नाही, थेट जीव घेणारा मारा. याच निकालात असंही तत्त्व सांगितलं गेलं की सुरक्षितपणे निसटण्याचा वाजवी मार्ग उपलब्ध असेल, तर जीव घेण्याचं समर्थन होत नाही.

दुसरा पंजाबचा, दर्शनसिंग यांचा. जमिनीच्या वाटणीवरून घरातलाच वाद. हाणामारीत चुलत्याने दर्शनसिंग यांच्या वडिलांवर गंडाशाने वार केला. गंडाशा म्हणजे लांब दांड्याचं, कोयत्यासारख्या पात्याचं हत्यार. मुलाने आपल्या परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली, चुलता मेला. सत्र न्यायालयाने सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरलं, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. समोर बाप रक्तबंबाळ झालेला असताना पुढचा वार होईपर्यंत मुलाने वाट पाहायची नसते, असं न्यायालयाला वाटलं. स्वसंरक्षणाची दहा तत्त्वं या निकालात एकत्र मांडली आहेत. त्यांतलं एक प्रत्येक परवानाधारकाने ध्यानात ठेवावं असं आहे : हा हक्क बचावासाठी आहे, सूड उगवण्यासाठी नाही.

मर्यादा ओलांडली, पण हेतू प्रामाणिक होता आणि आधीपासून ठरवलेलं नव्हतं, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जातो. ‘ऐवजी’ या शब्दाने हुरळून जायचं कारण नाही. नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार, मारण्याचा हेतू सिद्ध झाला तर शिक्षा किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप.

बचावाचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. मात्र सरकारी पक्षाला जसा गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो, तसं ओझं आरोपीवर नसतं. त्याची हकिकत संभवनीय वाटली तरी पुरे. सरकारी साक्षीदारांच्या जबाबातूनच ती पुढे आली तरी चालते.

संहितेतलं एक उदाहरण मात्र झोप उडवणारं आहे. एक माणूस रात्री अशा घरात शिरतो, जिथे जायचा त्याला पूर्ण अधिकार आहे. आतला माणूस त्याला घरफोड्या समजून प्रामाणिकपणे हल्ला करतो. त्याने गुन्हा केलेला नसतो. पण आलेल्या माणसालाही उलट बचावाचा तितकाच हक्क असतो. म्हणजे कायद्याने दोघेही निर्दोष, आणि दोघांपैकी एक कदाचित मेलेला. रात्रपाळीवरून लवकर परतलेला मुलगा, गावाहून न कळवता आलेला मेहुणा, औषध घ्यायला अंधारात उठलेले वडील. घरात बंदूक आणण्याआधी या तिघांचा विचार करावा.

शस्त्र निवडताना

इंटरनेटवर ‘घराच्या बचावासाठी उत्तम पिस्तूल’ म्हणून जे पाहायला मिळतं, ते बहुतेक अमेरिकेतलं असतं. तिथे सर्वांत जास्त शिफारस होते ती ९ मिमी पिस्तुलाची. भारतात ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं मनाई असलेलं माप आहे, सामान्य नागरिकाला तो मिळत नाही. तिथला कायदाही वेगळा. फ्लोरिडाने २००५ मध्ये असा कायदा केला की जिथे असण्याचा तुम्हाला अधिकार आहे, तिथून मागे हटण्याचं बंधन तुमच्यावर नाही. त्या कायद्यावर बेतलेला सल्ला आपल्याकडे पाळला, तर तो अंगाशी येईल.

आपल्याकडे निवडीचा पहिला घास कायदाच घेतो. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये एक बारीक भेद आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक, किंवा पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली आणि अपात्र ठरवणारी बाब नसेल, तर परवाना द्यावा असा कायद्याचा कल आहे. रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल मागितलं, तर ‘सबळ कारण’ आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. कोकणात आणि घाटावर शेतकऱ्यांकडे ठासणीच्या बंदुका दिसतात, मुंबई-पुण्यातले बिल्डर आणि सराफ रिव्हॉल्वरसाठी खेटे घालतात, त्यामागे हा भेद आहे.

परवान्याची वाट शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. वय २१ पूर्ण हवं. धोका कुणापासून आहे, आधी तक्रार केली होती का, घरात भांडणं आहेत का, अर्जदाराची मनःस्थिती कशी, याची पोलीस ठाण्यामार्फत चौकशी होते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी या दोन गोष्टी जोडल्या. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. वरातीत हवेत गोळ्या झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुका आल्या की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते, तेही धरून चालावं.

एवढं पार केल्यावर साधारण तीन पर्याय समोर असतात.

पहिला, बारा बोअरची काडतुसाची बंदूक, एकनळी किंवा दुनळी. नेम धरायला सोपी, कारण ती खांद्याला टेकते. शेतावरच्या घराला ठीक. पण लांबी जवळपास चार फूट. फ्लॅटच्या बोळात ती वळवताना नळी चौकटीला अडते आणि दारामागे दबा धरलेला माणूस नळीच पकडू शकतो. छरे पसरतात हे खरं, पण खोलीच्या दहा-बारा फुटांत ते फारसे पसरत नाहीत. अजून गोळीसारखेच एकत्र जातात. ‘छऱ्याला नेम धरावा लागत नाही’ ही समजूत घराच्या आत खोटी ठरते.

दुसरा, .३२ बोअरचं रिव्हॉल्वर. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्वर आपल्याकडे वर्षानुवर्षं परवानाधारकांची पहिली पसंती राहिलं आहे. सहा घरांचा फिरता गोल आणि सोपी यंत्रणा. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं घर समोर येतं. बाहेर काढायला मॅगझिन नाही, मागे ओढायला स्लाइड नाही. चाप मात्र जड असतो. सवय नसेल तर ओढताना नळी खाली झुकते आणि गोळी नेमाच्या खाली जाते. २०१४ मध्ये कानपूरच्याच कारखान्याने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलोचं हलकं .३२ रिव्हॉल्वर आणलं. किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. वजन कमी असलं की पर्समध्ये मावतं, पण झटका हाताला जास्त बसतो.

तिसरा, .३२ बोअरचं पिस्तूल. चपटं, बाळगायला सोयीचं. पण मॅगझिन काढल्यावरही चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकतं, आणि ‘रिकामं’ समजलेल्या पिस्तुलातून गोळी सुटून होणारे अपघात असेच होतात. नियमित सराव नसेल, तर याच्या वाटेला जाऊ नये.

गावठी कट्ट्याला पर्यायांत स्थान नाही. विनापरवाना शस्त्राला आता दोन ते पाच वर्षांची कैद आहे. बचावाचा दावा टिकला तरी हा गुन्हा पुसला जात नाही. शिवाय अशा कट्ट्याची नळी झाडणाऱ्याच्या हातातच फुटू शकते.

कोणतंही शस्त्र निवडा, विचार गोळी थांबण्याचाही करावा लागतो. नेम चुकलेली गोळी प्लायवूडच्या पार्टिशनला जुमानत नाही. चाळीत आणि सोसायटीत भिंतीपलीकडे शेजाऱ्याची चारपाई असते. जिवावर बेतलेल्या हल्ल्यात, निरपराधाला धोका पत्करल्याशिवाय बचाव होणारच नसेल, तर कलम ४४ तशी मुभा देतं. पण आधी ठरवून, भिंत कशाची आहे हे न पाहता झाडलेल्या गोळीला त्याचा आसरा मिळेल, असं गृहीत धरू नये.

गोळी सुटल्यानंतर

यावर कुणी फार बोलत नाही. ११२ वर फोन करून जखमीसाठी रुग्णवाहिका आणि पोलीस दोन्ही बोलवावेत. शस्त्र कोणत्या जागी आहे ते सांगावं. काहीही हलवू, पुसू नये. बचाव खरा असला तरी गुन्हा नोंदवला जाईल, शस्त्र जप्त होईल, अटकही होऊ शकते. मग मुंबईत कालिन्याच्या किंवा राज्यातल्या दुसऱ्या न्यायसहायक प्रयोगशाळेत शस्त्र, काडतुसाची पुंगळी आणि कपडे तपासले जातात. जखमेभोवती काजळी आणि दारूचे कण रुतले असतील तर गोळी अगदी जवळून, साधारण दोनेक फुटांच्या आतून सुटली, असा निष्कर्ष निघतो. जखम छातीवर की पाठीवर, गोळ्या एक की चार, दाराची कडी आतून तुटली की बाहेरून, या प्रत्येक खुणेची तुमच्या जबाबाशी पडताळणी होते. झटापटीत झाडल्याचं सांगितलं आणि कपड्यावर काजळीच नसली, तर वकील कितीही मोठा असो, खटला उतरणीला लागतो.

म्हणून हिशेब उलट्या टोकापासून करावा. आधी दार : मजबूत चौकट, आतून अडसर, पाहायला भिंग, बाहेर दिवा. मग हाक मारल्यावर धावून येतील असे शेजारी आणि पाठ असलेला ११२ हा क्रमांक. त्यानंतर घरातली माणसं : लहान मुलं, दारू पिणारा, संतापी किंवा नैराश्यात असलेला कुणी घरात असेल, तर शस्त्राचा विचार तिथेच सोडावा. एवढं करूनही धोका खरा, नेमका आणि नोंदवलेला असेल, तर परवान्यासाठी अर्ज करा, .३२ चं रिव्हॉल्वर घ्या, काडतुसं वेगळी आणि कुलपात ठेवा, वर्षातून काही वेळा रेंजवर सराव करा. सराव जमणार नसेल, तर तो पैसा दाराला लावा. दारामुळे कुणावर खटला चालत नाही.